लेकराचा श्वास मोजता आला पाहिजे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमचं वरवट बकाल हे बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचं खोरं आणि मध्ये काळीभोर सपाट जमीन. दिवाळी उलटली की सातपुड्यावरून गार वारं उतरायला लागतं. कापसाची वेचणी, तुरीची राखण, हरभऱ्याचं पाणी अशी कामं एकदम अंगावर येतात. शेती असलेल्या घरात चार पैसे हाती येण्याचा हाच काळ, म्हणून घराची डागडुजीही याच महिन्यांत निघते. खिडकी बसवायची, दाराला रंग द्यायचा, पत्रे बदलायचे. आणि नेमकं याच दिवसांत घरातलं सगळ्यांत लहान माणूस शिंकायला लागतं.

आमच्या घरात असं एक माणूस आहे. वय महिने १९. चालायला शिकून सहा महिने झाले, धावायला शिकून तीन. बोलण्यात शब्द मोजके, पण ‘नाही’ हा त्यातला सगळ्यांत पक्का. डब्यात हात घालणं, चपला तोंडात घेणं, आजीच्या पानाच्या डब्यातला चुना शोधणं, ही त्याची रोजची कामं. मी शाळेत शिक्षक आहे. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणं सोपं आणि हे एक पोर सांभाळणं अवघड, हे मी आता शपथेवर सांगू शकतो.

आज मला बोलायचं आहे ते हिवाळा, घर आणि लहान लेकरू या तिघांविषयी. आजार झाला की आपण औषधाचा विचार करतो. पण लेकराला आजारी पाडण्यात आपल्या घराचा वाटा किती, आणि साधी सर्दी कोणती, धोक्याची कोणती हे घरच्या माणसाला ओळखता येतं का, या दोन प्रश्नांकडे आपण फारसं वळत नाही.

आधी साध्या सर्दीविषयी. पाच वर्षांखालच्या धडधाकट मुलालाही वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होते. एकेक सर्दी आठ-दहा दिवस राहते, खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आता यातल्या चार-पाच सर्द्या हिवाळ्यात आल्या, तर आई-बापाला वाटतं, दिवाळीपासून होळीपर्यंत पोराचं नाक काही कोरडं झालंच नाही. त्यात लेकराचं किंवा आईचं काही चुकलेलं नसतं. सर्दी विषाणूमुळे होते आणि तो हातांवरून, रुमालावरून, मुक्यांवरून फिरतो. लग्नसराईत पोराला दहा जणांनी कडेवर घेतलं की दोन दिवसांनी नाक वाहायला लागतं आणि दोष मात्र केळ्याला किंवा संत्र्याला जातो. संत्र्याच्या हंगामात आपल्या भागातल्या लेकरानं संत्रं खाऊ नये, हा कुठला न्याय? संत्र्यानं सर्दी होत नाही. बिया काढून खुशाल द्यावं.

या साध्या सर्दीला लागतं ते इतकंच : नाक मोकळं ठेवणं, अंगावरचं दूध चालू असेल तर ते वारंवार देणं, कोमट पाणी, वरणाचं पातळ पाणी, मऊ भात थोडा थोडा भरवणं, आणि धीर. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते नाकात घालता येतात. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध दिला तर खोकल्याला आराम पडतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित का होईना, पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. नाकात तेल सोडू नये, ते फुफ्फुसात उतरतं. कापूर लहान मुलाच्या नाकाजवळ नको. पोटात गेला तर झटके येऊ शकतात. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लेकराला धरून वाफ देऊ नये. भाजण्याचा धोका मोठा, फायदा थोडा.

राहिलं खोकल्याचं औषध. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात जे घडलं ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. परासिया भागातली लेकरं साध्या सर्दी-तापासाठी औषध घेऊन घरी आली आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. त्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. वीसहून अधिक मुलं दगावली. अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरातच आणलेलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे वापरू नयेत. यातली भेसळीची बाब सरकारनं आणि न्यायालयानं पाहावी. आपल्यापुरता धडा असा की औषध शुद्ध असलं तरी इतक्या लहान मुलाला त्याची गरज जवळजवळ नसते. खोकला ही फुफ्फुसाची झाडू आहे. ती काढून घेण्याची घाई करू नये.

मग सगळीच सर्दी घरी बसून काढायची का? नाही. खरा प्रश्न इथेच आहे. शंभर सर्द्यांत नव्वदपेक्षा जास्त आपोआप जातात. पण एखादी छातीत उतरते आणि तिचा न्युमोनिया होतो. ती ओळखायची कशी? ताप किती आहे यावरून कळत नाही. खोकला किती मोठा आहे यावरूनही कळत नाही. ते कळतं श्वासावरून.

यासाठी मला आपल्याच विदर्भातल्या एका कामाविषयी सांगितलं पाहिजे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागले. खेड्यांत मुलं कशानं मरतात याचा हिशेब त्यांनी मांडला, तेव्हा न्युमोनिया हे फार मोठं कारण निघालं. डॉक्टर दूर, रस्ते नाहीत, क्ष-किरण यंत्राचं नाव नको. मग गावातल्याच माणसांना आणि सुईणींना न्युमोनिया ओळखायला शिकवायचं ठरलं. पण अनेक सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि मिनिटाला चाळीस-पन्नास श्वास मोजायचे होते. यावर बंगांनी एक साधं साधन तयार केलं : लाकडी पट्टी, तिच्यावर एक मिनिटाची वाळूची घडी आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्युमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. गावातल्या माणसांनी ओळखलं, गावातच औषध दिलं, आणि ज्या गावांत हे काम झालं तिथं न्युमोनियानं होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी कमी निघाले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हा अभ्यास छापला.

श्रोतेहो, ज्यांना शंभरपर्यंत मोजता येत नव्हतं, त्या बायांनी ही गोष्ट करून दाखवली. आपल्या तर खिशात मोबाइल आहे आणि त्यात सेकंदाचं घड्याळ आहे.

आमच्या घरी हे मोजणं आशाताईंनी शिकवलं. मूल तीन महिन्यांचं झालं की पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी आशांनी घरी येऊन पाहावं, अशी सरकारची योजना २०१८ पासून आहे. पंधराव्या महिन्याच्या भेटीत त्यांनी वजन, जेवण, लशी विचारल्या आणि जाता जाता म्हणाल्या, ‘‘सर, याचा श्वास मोजून ठेवा. बरा असताना किती असतो ते माहीत असलं म्हणजे आजारपणात घोटाळा होत नाही.’’ झोपलेल्या पोराचा सदरा वर करून त्यांनी दाखवलं. पोट एकदा वर आलं आणि खाली गेलं की एक श्वास. मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. रडताना, दूध पिताना, नुकतंच धावल्यावर मोजायचं नाही. झोपेत किंवा शांत मांडीवर असताना मोजायचं. आमचा त्या दिवशीचा आकडा होता २८.

आता धोक्याचे आकडे सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त; दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त; एक वर्ष ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. सर्दी-खोकला आहे आणि श्वास या आकड्याला पोचला, तर त्याच दिवशी, त्याच रात्री डॉक्टर. दुसरी खूण अशी : श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो. तिसरी, लेकरू काही पीत नाही, प्यालेलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात किंवा हलवूनही नीट जागं होत नाही. यातलं काहीही दिसलं तर आकडा मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर नुसत्या तापासाठीही थांबायचं नाही.

या डिसेंबरात आम्हाला याचा उपयोग झाला. चार दिवसांची सर्दी होती. पाचव्या संध्याकाळी ताप चढला. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगून ठेवलेलं तापाचं औषध दिलं, तासाभरात अंग निवलं, पोरगं झोपलं. एरवी आम्हीही झोपलो असतो. पण ताप उतरूनही पोट भराभर हलत होतं. पत्नीनं मोजलं, ५२ आले. मी मोजलं, ५४. दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजलं, ५३. आई म्हणाली, ‘‘डब्बा झाला वाटते पोराले.’’ आपल्याकडे जुन्या बाया या दुखण्याला ‘डब्बा’ म्हणतात. म्हणजे गंमत पाहा, माझ्या आईचं निदान आणि घड्याळाचं निदान एकच होतं. रात्री साडेदहाला आम्ही गावातल्याच ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू पाहिला. बरगडी ओढली जात नव्हती, पोरगं दूध पीत होतं, म्हणून भरती न करता पाच दिवसांचं औषध दिलं आणि दोन दिवसांनी दाखवायला बोलावलं. तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा माझ्या चपला तोंडात घेऊन फिरत होते. औषध मात्र पाचही दिवस दिलं. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायचं नसतं आणि उरलेली बाटली पुढच्या सर्दीला वापरायची नसते.

आईनं आजार बरोबर ओळखला, हे मी मुद्दाम सांगितलं. आपल्या जुन्या माणसांची नजर तयार असते. प्रश्न येतो तो उपायाचा. सातपुड्याच्या वरच्या अंगाला मेळघाटात आजही श्वास लागलेल्या, पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला चटके देण्याची प्रथा पुरती गेलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरीत अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याचं उघड झालं. त्या घरातल्या माणसांचं बाळावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? काहीतरी गंभीर आहे हे त्यांनाही कळलं होतं. कळल्यानंतर पाय कुठल्या वाटेला लागले, यावर सगळं ठरतं.

आता घराकडे वळू. लेकराच्या छातीला सगळ्यांत मोठा शत्रू धूर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुरात वाढणाऱ्या लहान मुलाला न्युमोनियासारख्या आजाराचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. आपण म्हणतो, आमच्याकडे तर गॅस आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, घरोघरी सिलिंडर आलं, हे खरं. पण हिवाळ्यात आंघोळीचं पाणी कशावर तापतं? अंगणातल्या चुलीवर, पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या घालून. संध्याकाळी दारात शेकोटी. रात्री मच्छरसाठी अगरबत्ती नाहीतर कडुनिंबाचा पाला. आणि लेकराच्या आंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून दिलेली धुरी. हे सगळं एकाच छातीत जातं आणि ती छाती आपल्या तळहाताएवढी असते.

आमच्या घरचं पहिलं काम म्हणून आम्ही पाण्याची चूल हलवली. हिवाळ्यात आमच्याकडे वारं उत्तरेकडून येतं आणि चूल होती घराच्या उत्तर कोपऱ्यात. रोज सकाळी धूर थेट माजघरात. चूल दक्षिणेच्या भिंतीमागे नेली, तीन विटा आणि एक पत्रा, खर्च म्हणाल तर शून्य. धुरीच्या बाबतीत मात्र घरात दोन दिवस बोलणं चाललं. आई म्हणाली, ‘‘लेकराले धुरी देल्ली की सर्दी पयते. तुले नाई देल्ली का मी?’’ याला उत्तर देणं सोपं नसतं, कारण समोर आपण जिवंत उभे असतो. शेवटी पत्नीनं तोड काढली. ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा, आजीनं आपल्या हातानं पोराची पावलं शेकायची, त्याआधी पुरचुंडी आपल्या मनगटाला लावून पाहायची. ऊब मिळाली, वास मिळाला, आजीचा हात मिळाला. धूर तेवढा गेला. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातातून काम काढून घेऊ नये, त्यांना दुसरं काम द्यावं, असं मला यातून वाटलं.

दुसरं काम खिडकीचं. आमच्या एका खोलीवर पत्रे आहेत. थंडी लागू नये म्हणून ती खोली आपण रात्री कडेकोट बंद करतो, खिडकीला पोतं लावतो. पहाटे पत्र्याला दव सुटतं आणि थेंब अंथरुणावर पडतात. हे पाणी आभाळातून येत नाही. आत झोपलेल्या चार माणसांच्या श्वासाचंच ते पाणी असतं. एकाला सर्दी असेल तर त्याच श्वासातले विषाणू रात्रभर त्या बंद खोलीत फिरतात. आम्ही खिडकीच्या वरच्या अंगाला वीतभर जाळी बसवली, ती कायम उघडी. आईचा आक्षेप आलाच, ‘‘वारं लागीन त्याले.’’ म्हणून लेकराचं अंथरूण त्या रेषेतून काढून आतल्या भिंतीकडे घेतलं, डोक्याला टोपडं, पायात मोजे. आठ दिवसांत पत्र्याचे थेंब कमी झाले. आईनंच ते आधी पाहिलं.

तिसरं काम रंगाचं. ख्रिसमसच्या सुट्टीत दारं-खिडक्या घासून रंगवायच्या होत्या. जुन्या तेलरंगांमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या दारावर काय आहे याचा भरवसा नाही. कोरडा पॉलिश-पेपर मारला की ती भुकटी घरभर उडते, फरशीवर बसते, आणि फरशीवरचं सगळं ज्याच्या तोंडात जातं तो कोण हे सांगायला नको. शिसं लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला बाधतं. म्हणून आम्ही आई-लेकराला आठ दिवस मामाच्या गावी पाठवलं, दारं पाणी मारून ओली असतानाच खरवडली, खपल्या कागदावर गोळा केल्या आणि नंतर फरशी दोनदा ओल्या फडक्यानं पुसली. भिंतींना चुना दिला, पण कालवलेल्या चुन्याची बादली झाकणाखाली आणि उंचावर ठेवली. चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आजीच्या पानाच्या डब्यालाही तेव्हापासून उंच फळी मिळाली आहे.

एक गोष्ट खास आपल्या कापसाच्या मुलखाची. भाव वाढेल या आशेनं कापूस घरात भरून ठेवला जातो. माणसं एका खोलीत सरकतात आणि चांगली खोली कापसाला जाते. पोरांना त्या ढिगावर उड्या मारायला फार आवडतं. पण त्यातली धूळ आणि तंतू नाकात जातात, अंगाला खाज सुटते, खोकला थांबत नाही. यावर भाव मिळण्याखेरीज खरा उपाय नाही, हे मी जाणतो. तोवर निदान इतकं करता येतं : कापसाच्या खोलीचं दार बंद, तिथं कुणी झोपायचं नाही, लेकरू तिथं जाणार नाही.

आणि हिवाळ्याचा खाऊ. भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, तुरीचे ओले दाणे, बोरं, हुरडा. आपल्यासाठी ही चंगळ. दोन वर्षांच्या पोरासाठी यातला प्रत्येक दाणा श्वासनलिकेच्या मापाचा. शेंगदाण्याचं कूट द्यावं, दाणा देऊ नये. हरभरा वाटून द्यावा, बोराचा गर काढून द्यावा. खेळत-हसत असलेल्या लेकराला सर्दी-ताप नसताना अचानक जोराचा ठसका लागला आणि नंतर खोकला जात नसेल किंवा छाती वाजत असेल, तर दाणा अडकला असण्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना ती मोकळेपणानं सांगावी. ‘खाताना ठसका लागला होता’ या एका वाक्यानं तपासाची दिशा बदलते.

आंघोळीच्या पाण्याचंही तसंच. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलट कधीही नाही. तापलेला हंडा जमिनीवर ठेवून वळायचं नाही. चालतं मूल हंड्याची कड धरूनच उभं राहतं.

हिवाळ्यातल्या जुलाबांविषयी दोन वाक्यं. थंडीत लहान मुलांना होणारे पाण्यासारखे जुलाब बरेचदा रोटाव्हायरसचे असतात. पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्यावं, एक लिटरचं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात, कमी पाण्यात नाही. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं, तेव्हा त्यासाठी विहिरीचं खारं पाणी घेऊ नये. सोबत आशाताईंकडून जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या कराव्यात.

लशींबद्दलही सांगतो. न्युमोनिया करणाऱ्या एका मोठ्या जिवाणूवरची लस, जिला पीसीव्ही म्हणतात, ती २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते : दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटा लशीत अशाच दुसऱ्या जिवाणूपासून संरक्षण असतं. गोवर-रुबेलाचे दोन डोस, नववा महिना आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, कारण गोवरानंतरही न्युमोनिया होतो. घरातलं कार्ड काढून पाहा. एखादा रकाना रिकामा असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी भरून घ्या.

शेवटी पुरुषमंडळींना एक विनंती. लेकराचं दुखणं हे बायकांचं खातं आणि पत्रे-खिडक्या हे आपलं खातं, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. खरं म्हणजे ही दोन्ही खाती एकच आहेत. चूल कुठं असावी, झरोका किती असावा, रंग कधी काढावा, कापूस कुठं भरावा, हे निर्णय बहुधा आपण घेतो आणि त्यांचे परिणाम लेकराच्या छातीत उमटतात. घराचं कोणतंही काम काढलं की एकदा जमिनीवर मांडी घालून बसा आणि दोन फूट उंचीवरून ते घर पाहा. काय हाताला येतं, काय नाकात जातं, ते लगेच दिसेल.

आणि आज रात्रीच, लेकरू बरं असताना, ते झोपलं की घड्याळ हातात घेऊन पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजा. आकडा लसीकरणाच्या कार्डामागे लिहून ठेवा. बाबांनीही मोजा, आजीनंही मोजा. गरज पडेल तेव्हा घरात जो जागा असेल त्याला ते आलं पाहिजे.